लाल कार्ड, पिवळे कार्ड आणि शाळेचा बाक

सातवीतली एक मुलगी. महिन्यातून चार-पाच दिवस गैरहजर. शाळेत आली की पहिल्या तासाला पाणी मागते, दुसऱ्या तासाला लघवीची सुट्टी. पीटीच्या तासाला झाडाखाली बसते, गार दिवशी बाकावर पाय चोळत राहते. डोळे पिवळसर. हजेरीपटात तिच्या नावापुढे खाडे वाढत जातात आणि एके दिवशी शेरा पडतो : अभ्यासात लक्ष नाही.

पूर्व विदर्भात आणि नंदुरबारच्या सातपुड्यात अशी मुले अनेक शाळांत असतात. त्यांना सिकलसेल असतो. हा आजार जन्माबरोबर येतो, पण त्याच्यापायी शाळा सुटणे हे काही जन्माबरोबर ठरलेले नसते. ते पुष्कळदा मोठ्या माणसांच्या अज्ञानामुळे घडते आणि म्हणूनच ते टाळता येते.

एका अक्षराचा बदल

रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. त्याच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले ठरलेल्या क्रमाने ओवलेली असतात आणि तो क्रम अकराव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात लिहिलेला असतो. सिकलसेलमध्ये त्या लिखाणातले एकच अक्षर बदलते. त्यामुळे साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येऊन बसते.

प्राणवायू कमी पडला की असे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटते, त्याचे ताठ दोर बनतात आणि गोल, लवचीक तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. सिकल म्हणजे विळा. नाव त्यावरूनच पडले. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवसांत फुटते. म्हणून अंगात रक्त कमी, म्हणून डोळे पिवळे. वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की पुढच्या भागाला रक्त मिळत नाही आणि तिथे असह्य कळा येतात. डॉक्टर याला क्रायसिस म्हणतात.

शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये या पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी हा हिमोग्लोबिनच्या रेणूचा आजार असल्याचे दाखवले. पुढे १९५६-५७ मध्ये व्हर्नन इन्ग्रम यांनी नेमका बदल उलगडला. इतका नीट उमगलेला आजार आपल्या वर्गात अजूनही ‘आळस’ म्हणून ओळखला जावा, याचे फार वाईट वाटते.

‘पॅटर्न’ म्हणजे काय?

प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची आणि एक वडिलांची. दोन्ही प्रती चांगल्या असतील तर पॅटर्न एए. एक चांगली आणि एक बदललेली असेल तर एएस, म्हणजे वाहक. दोन्ही बदललेल्या असतील तर एसएस, म्हणजे रुग्ण. महाराष्ट्रात तपासणीनंतर वाहकाला पिवळे कार्ड मिळते आणि रुग्णाला लाल.

पिवळे कार्ड हातात पडले की घर घाबरते. पण वाहक हा रुग्ण नव्हे. तो शेतात राबतो, खेळतो, सामान्य आयुष्य जगतो. पिवळ्या कार्डाचे महत्त्व आहे ते पुढच्या पिढीसाठी.

चारपैकी एक

आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता चारात एक असते, वाहक असण्याची चारात दोन आणि पूर्ण निरोगी असण्याची चारात एक.

इथे एक गैरसमज घरोघरी आढळतो. पहिले मूल आजारी निघाले की लोक म्हणतात, “आता पुढच्या तिघांना भीती नाही.” असे नसते. हा हिशेब पाळीपाळीने फिरत नाही. प्रत्येक गर्भधारणेत तो नव्याने सुरू होतो. दोन मुले लागोपाठ आजारी असू शकतात किंवा चौघेही सुटू शकतात.

दुसरा गैरसमज आईला छळतो. “हिच्या माहेरातून आला” हे वाक्य अनेक सुनांनी ऐकले आहे. एसएस मुलाला एक प्रत आईकडून येते तशी दुसरी वडिलांकडूनच येते. दोघांपैकी एकाचीही यात चूक नाही.

हे जनुक इथेच का टिकले?

याचे उत्तर मलेरियात आहे. १९५४ मध्ये अँथनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवले की, या जनुकाची एकच प्रत बदललेली असलेल्यांना मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते. जिथे मलेरियाने पिढ्यान्‌पिढ्या मुले नेली, तिथे वाहक अधिक तगले आणि जनुकही टिकले. गडचिरोलीचे जंगल आणि सातपुड्याच्या दऱ्या अशाच मलेरियाच्या जागा आहेत. सिकलसेल आदिवासींत दिसतो तसा विदर्भातल्या अनुसूचित जाती आणि इतर मागासवर्गीय समाजांतही दिसतो. तो कोणाच्या जातीवरचा डाग नाही. आपले पूर्वज कशातून वाचले याची ती रक्तातली नोंद आहे.

वाढत्या वयातल्या खुणा

जन्मानंतर काही महिने बाळाच्या अंगात गर्भातले हिमोग्लोबिन असते आणि ते त्याला जपते. सहा महिन्यांच्या आसपास ते ओसरले की त्रास सुरू होतो. पहिली खूण पुष्कळदा हातापायांचे पंजे सुजण्याची असते. बाळ हात लावू देत नाही, रडत राहते. घरी वाटते मुका मार लागला असेल.

पुढे सांधे ठणकतात आणि त्याला वात म्हटले जाते. डोळे पिवळे होतात आणि मुलाला कावीळ उतरवायला नेले जाते. यात महिने जातात. पानथरी खराब झाल्याने जंतुसंसर्ग लवकर होतो आणि साधा वाटणारा ताप जिवावर बेतू शकतो. उंची आणि वजन मागे पडते, वयात येणे लांबते. आठवीतला मुलगा सहावीतला वाटतो आणि वर्गात चिडवला जातो.

वर्गात काय घडते?

या मुलांच्या मूत्रपिंडांना लघवी दाट करता येत नाही. त्यामुळे ती वारंवार होते, पाणी जास्त लागते आणि अंथरूणही ओले होते. वसतिगृहात या एका गोष्टीवरून मुले किती अपमान गिळतात, हे त्यांनाच ठाऊक.

आणखी एक गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. काही मुलांच्या मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या बंद होतात, पण हातपाय लुळे पडत नाहीत. परिणाम दिसतो तो एकाग्रतेवर, स्मरणावर, गणिते सोडवण्याच्या गतीवर. पूर्वी बरे गुण मिळवणारे मूल अचानक मागे पडू लागले तर छडी शोधू नये, डॉक्टरांना कळवावे. हे जनुक मुलाची बुद्धी ठरवत नाही. आजारपण, रक्ताची कमतरता आणि खाडे मिळून ती अडवून धरतात.

शिक्षक आणि गृहपाल यांच्यासाठी

पाण्याची बाटली बाकावर असू द्या. लघवीला जाण्यासाठी हात वर करून ताटकळायला लावू नका. उन्हात उभे करणे, मैदानाच्या फेऱ्या मारायला लावणे या शिक्षा या मुलांना कधीही देऊ नयेत. खेळू जरूर द्यावे, दमल्यावर बसूही द्यावे. आश्रमशाळेत हिवाळ्यात पहाटेची थंड पाण्याची अंघोळ क्रायसिसला निमंत्रण देते. या मुलांना गरम पाणी आणि स्वेटर मिळालाच पाहिजे. दुखऱ्या जागी बर्फ लावू नये, ऊब द्यावी. शाळेत वाटली जाणारी लोहाची साप्ताहिक गोळी या मुलांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये.

ताप, छातीत दुखणे, धाप, डाव्या बरगडीखाली पोट फुगणे, बोलणे अडखळणे किंवा हातापायातली शक्ती जाणे यांपैकी काहीही दिसले तर शाळा सुटायची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

तपासणी आणि उपचार

पहिली चाचणी सोपी असते. बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब नळीतल्या द्रावणात टाकतात आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरतात. रेघा दिसल्या तर ठीक. द्रावण गढूळ होऊन रेघा झाकल्या गेल्या तर सिकलचे हिमोग्लोबिन आहे. पण मूल वाहक आहे की रुग्ण, हे ही नळी सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावीच लागते. पहिल्या चाचणीवर थांबलेले घर अर्धवट माहितीच्या भीतीत जगते.

उपचारांत फॉलिक अ‍ॅसिड, लसी, लहानपणी पेनिसिलिन आणि हायड्रॉक्सियुरिया येते. हायड्रॉक्सियुरियाने गर्भातल्या प्रकारचे हिमोग्लोबिन वाढते आणि क्रायसिस कमी होतात. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली नियमित घ्यावे लागते. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत जनुक-संपादनावर आधारित उपचाराला मान्यता मिळाली. तो खर्चिक आहे, गावापर्यंत यायला वेळ लागेल. तोवर रोजच्या गोळीलाच खरी किंमत आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधल्या २१ प्रकारांत सिकलसेलचा समावेश आहे. प्रमाणपत्र असेल तर परीक्षेत जादा वेळेसाठी शाळेमार्फत अर्ज करता येतो. उपचारासाठी एसटीच्या प्रवासातही सवलत आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे त्याचे लक्ष्य आहे.

सोयरीक ठरवण्याआधी दोन्ही बाजूंचा पॅटर्न माहीत असावा. दोघेही वाहक असले तर लग्न मोडावे असे नाही. दिवस राहिल्यावर लवकर सल्ला घ्यावा. गर्भाची तपासणी करता येते आणि पुढचा निर्णय त्या दोघांचा.

वर्गशिक्षकाच्या वहीतली ओळ

सगळ्या वर्गाला ऐकवायची गरज नाही, फळ्यावर तर मुळीच लिहू नये. वर्गशिक्षकाच्या स्वतःच्या वहीत त्या मुलीच्या नावासमोर एवढे असावे : लाल कार्ड. पाणी आणि लघवीला मोकळीक. ताप आला तर लगेच दवाखाना. खाड्याच्या दिवसांचा अभ्यास मैत्रिणीकडून पोहोचवणे.

ही एक ओळ लिहायला अर्धे मिनिट लागते. ‘लक्ष नाही’ हा शेरा लिहायलाही तेवढाच वेळ लागतो.