ठोशातला जोर येतो कुठून?

भोरचं पोर रोहिड्यावर आणि वेल्ह्याचं तोरण्यावर धावत जाऊन येतं. आषाढात गुडघाभर चिखलात भातलावणी असतेच. पोटऱ्या कमवायला या मावळात कराटे कशाला हवं? नकोच. कराटेतून मिळतं ते वेगळंच.

‘ग्याकु-झुकी’ हा ठोसा बघा. मागच्या पायाची टाच जमीन रेटते, कंबर फिरते, दुसरी मूठ झटक्यात कमरेला येते आणि मारणारं मनगट अगदी शेवटी वळतं. एवढं सगळं क्षणार्धात, ठरल्या क्रमाने. क्रम चुकला की दंडात ताकद असूनही ठोसा पोकळ.

लंडनमधल्या संशोधकांनी २०१२ मध्ये हेच तपासलं. १२ ब्लॅक बेल्टधारक आणि कराटे न शिकलेली, पण तेवढीच तंदुरुस्त १२ माणसं. सर्वांनी अवघ्या ५ सेंटिमीटरवरून ठोसा मारायचा. कराटेवाल्यांचा जोर जास्त भरला आणि तो खांदा व मनगटाच्या वेळेच्या अचूक जुळणीतून आला होता. हालचालींचा मेळ घालणाऱ्या लहान मेंदूतल्या तंतूंची रचनाही त्यांच्यात वेगळी दिसली. कोणत्या वयात शिकायला सुरुवात केली, याच्याशी तिचा संबंध होता. सरावाने मेंदू बदलला की असा मेंदू असणारेच टिकले, हे मात्र एवढ्यावरून सांगता येत नाही. माझा कल पहिल्याकडे.

आता भीती. कुमितेत, म्हणजे दोघांच्या लढतीत, समोरचा अंगावर आला की मेंदूतला अमिग्डाला धोक्याची वर्दी देतो, ॲड्रेनलिन सुटतं, छाती धडधडते. पाठोपाठ कॉर्टिसॉल वाढतं. ही यंत्रणा बंद पडत नाही, पडूही नये. पण झेपेल एवढी भीती पुन्हा पुन्हा अनुभवली की धडधडत्या छातीनेही समोरच्याच्या खांद्यावर नजर ठेवता येते. चकमकीनंतर श्वास सावकाश सोडायला शिकवतात, त्यालाही कारण आहे: उच्छ्वासाच्या वेळी व्हेगस नावाची नस हृदयाची गती उतरवते.

हे सगळं ‘झेपेल एवढी’ या दोन शब्दांवर टिकून आहे. चारचौघांत पाणउतारा करणाऱ्या गुरुजींच्या हाताखाली मूल उलट जास्त बिचकतं. आणि फरशा फोडण्याची हौस मुलांकडून भागवून घेऊ नये. वाढीच्या वयात हाडांच्या टोकांजवळचा भाग अजून कूर्चेचाच असतो.