परवानगी कार्डावर, वही हातात

लेखमाला : जोडीदारासोबत (भाग ४)

गेल्या भागात अमेरिकेच्या एच-४ व्हिसाचं रामायण पाहिलं. एच-१बीवर गेलेल्या माणसाच्या जोडीदाराला तिथे नोकरी धरता येते ती ग्रीन कार्डाच्या रांगेत मुख्य अर्ज ठरावीक टप्प्यापुढे सरकल्यावरच, आणि ही सोयसुद्धा २६ मे २०१५ पासूनची. त्याआधी बाई डॉक्टर असो की चार्टर्ड अकाउंटंट, तिनं घरी बसायचं हे सरकारनंच ठरवून टाकलेलं होतं.

जर्मनीत नेमकं उलटं. ब्लू कार्डवर गेलेल्या इंजिनिअरच्या बायकोला किंवा नवऱ्याला पहिल्या दिवसापासून नोकरी शोधता येते, स्वतःचा धंदाही थाटता येतो. परदेशी नागरिकांच्या कचेरीतून जे प्लास्टिकचं कार्ड मिळतं, त्यावर तसं छापलेलंच असतं. जर्मनीनं २०१२ मध्ये ब्लू कार्ड आणलं ते शिकलेली माणसं ओढून आणण्यासाठी, आणि शिकलेली माणसं सहसा एकटी येत नाहीत याचं भान कायदा करणाऱ्यांना होतं. नाशिकची बॉश, चाकणची मर्सिडीज आणि फोक्सवॅगन यांच्यामुळे मराठी माणसाचा या देशाशी रोजचा संबंध आहे. स्टुटगार्ट ही तर १९६८ पासून मुंबईची भगिनीनगरी.

तरीही स्टुटगार्ट, म्युनिक, वोल्फ्सबुर्गकडच्या मराठी घरांत गावाकडून येणाऱ्या फोनवर सहा महिन्यांनी, वर्षानं तोच प्रश्न येतो : ‘काय गं, तुझ्या कामाचं काही जमलं का?’ उत्तर बहुधा एकच असतं. ‘क्लास चालू आहे.’

इतर अनेकांच्या जोडीदारांना जर्मनीचा व्हिसा मिळण्यासाठी ए-१ पातळीची जर्मन परीक्षा द्यावी लागते. ब्लू कार्डवाल्यांच्या जोडीदारांना ती माफ आहे. इतकी महागात पडणारी माफी दुसरी नसेल. परीक्षा नाही म्हटल्यावर निघण्यापूर्वीचे तीन-चार महिने सामान, भाडेकरू, सासू-सासऱ्यांची औषधं, निरोपाची जेवणं यांत जातात आणि भाषा ‘तिकडे गेल्यावर बघू’ या खात्यात जमा होते. पुण्यात मॅक्सम्युलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पिढ्यान्‌पिढ्या परकीय भाषा शिकवल्या गेल्या आहेत. पण वर्गाला नाव घालायचं ते ज्याची नोकरी ठरली आहे त्यानं, असाच घरोघरी शिरस्ता. वास्तविक त्याचं ऑफिस इंग्रजीत चालणार असतं. जर्मनची खरी गरज असते ती मागून जाणाऱ्याला.

हिशेब असा. गोएथे इन्स्टिट्यूटच्या अंदाजाप्रमाणे शून्यापासून बी-२ पातळी गाठायला ४५ मिनिटांच्या ६०० ते ८०० तासिका लागतात. आठवड्याला २० तासिका धरल्या तरी ३० ते ४० आठवडे झाले. त्यात मुलाचं आजारपण, ख्रिसमसची सुट्टी, मधली भारतवारी मिळवा. वर्ष गेलं. सरकारी ‘इंटिग्रेशन कोर्स’मध्ये ६०० तासिका भाषेच्या आणि १०० तासिका देशाची ओळख करून देणाऱ्या असतात, आणि त्यातून माणूस पोचतो बी-१ पर्यंत. बेकरीत, डाकघरात, शाळेच्या पालकसभेत तेवढ्यावर निभावतं. मुलाखतीत निभावत नाही.

कोणाला किती भाषा लागणार हे मात्र पेशावर ठरतं, आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते. जर्मनीत पेशांचे दोन गट आहेत. सॉफ्टवेअर, मार्केटिंग, डेटा, डिझाइन, पत्रकारिता अशा पेशांना कोणाचा शिक्का लागत नाही. कंपनीला पटलं की झालं. पदवीची जर्मन पदवीशी तुलना करून हवी असेल तर सरकारी दाखला २०० युरोंच्या आसपास खर्चून मिळतो. बर्लिनमधल्या नव्या कंपन्यांत इंग्रजीवर भागतंही. दुसऱ्या गटात डॉक्टर, नर्स, औषधनिर्माते, शिक्षक, वकील येतात. त्यांना पदवीची मान्यता मिळाल्याशिवाय काम करता येत नाही, आणि शिक्षकांसारख्या पेशांच्या अटी १६ राज्यांत १६ तऱ्हांच्या.

ठाण्याच्या शाळेत दहावीला भूमिती शिकवणाऱ्या एम.एस्सी., बी.एड. बाई डोळ्यांसमोर आणा. जर्मनीत शिक्षकांची टंचाई आहे, गणिताच्या तर आहेच. बाई उत्साहानं अर्ज करतात. काही महिन्यांनी जाडजूड पाकीट येतं. त्यात लिहिलेलं असतं की इथला शिक्षक साधारणपणे दोन विषयांचा असतो. तुमचा एकच दिसतो. दुसऱ्या विषयासाठी विद्यापीठात नाव घाला. शिवाय इथला शिक्षक पदवीनंतर दीड-दोन वर्षं शाळेत उमेदवारी करून दुसरी सरकारी परीक्षा देतो. त्या जागी तुम्ही काय केलं ते दाखवा. आणि भाषा सी-१ किंवा सी-२. बाईंची पंधरा वर्षांची नोकरी या पाकिटात एका ओळीत येते. काही राज्यं मागच्या दारानंही शिक्षक घेतात, आंतरराष्ट्रीय शाळा इंग्रजीतून शिकवतात, खासगी शिकवणीला तर बंदी नाहीच. गणिताच्या शिकवणीत आकडे बरंच काम करतात. शाळेत शिरण्याआधी दोन-चार जर्मन पोरांना वर्गसमीकरणं शिकवून बघणं हा सर्वांत स्वस्त भाषावर्ग आहे, असं प्रस्तुत लेखकाचं मत.

डॉक्टरांची वाट लांबची असली तरी आखीव आहे. पदवीची कागदपत्रं तपासली जातात, वैद्यकीय भाषेची परीक्षा असते, आणि भारतीय पदवी समकक्ष ठरली नाही तर ज्ञानाची परीक्षाही द्यावी लागते. भाषेची परीक्षा राज्याच्या डॉक्टर-मंडळात होते आणि ती मोठी बघण्यासारखी असते. एकूण ६० मिनिटं. पहिली २० मिनिटं समोर ‘रुग्ण’ बसतो. परीक्षकच तो, पण पोटात दुखतंय म्हणून कण्हतो, मधूनच घाबरून ‘कॅन्सर तर नाही ना?’ विचारतो, आणि त्याला साध्या जर्मनमध्ये धीर द्यावा लागतो. पुढची २० मिनिटं त्याच रुग्णाचा अहवाल लिहायचा. शेवटची २० मिनिटं तीच केस वरिष्ठ डॉक्टरला सांगायची, आता मात्र लॅटिन संज्ञांत. तीच गोष्ट एकदा आजीबाईंच्या आणि एकदा प्राध्यापकांच्या भाषेत सांगता येते का, हे इथे तपासतात. ससूनच्या ओपीडीत उमेदवारी केलेल्या डॉक्टरांना ही कसरत नवी नसते. फक्त भाषा नवी.

सोबत जाण्याची किंमत काय असते याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण जर्मनीतूनच निघालेलं आहे, पण दुसऱ्या दिशेनं. मारिया ग्योपर्ट हिनं १९३० मध्ये ग्योटिंगेनला भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवली, जोसेफ मायर या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाशी लग्न केलं आणि त्याच्या नोकरीमागून बाल्टिमोरला गेली. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात नवरा प्राध्यापक असताना बायकोला नेमायचं नाही, असा दंडक. ती तिथेच किरकोळ मोबदल्यावर संशोधन करत राहिली. नवरा १९३९ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेला, तीही गेली. सुरुवातीला पगार नाही. १९४६ मध्ये शिकागो. तिथे हुद्दा प्राध्यापकाचा, पण विद्यापीठाचा पगार शून्य. पैसे मिळत ते जवळच्या आर्गोन प्रयोगशाळेतल्या अर्धवेळ कामाचे. अणुकेंद्राच्या कवचांचा सिद्धान्त तिनं याच काळात मांडला. पूर्ण पगाराची प्राध्यापकी मिळाली १९६० मध्ये, कॅलिफोर्नियात. तीन वर्षांनी नोबेल आलं, तेव्हा सॅन दिएगोच्या वृत्तपत्रानं मथळा दिला तो शहरातल्या एका आईला नोबेल मिळाल्याचा.

ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगितली जाते. ती जमाखर्चाची म्हणून सांगायला हवी. तीन मोठ्या विद्यापीठांनी एका अव्वल शास्त्रज्ञाचं काम जवळजवळ फुकट वापरलं, कारण ती ‘कोणासोबत तरी आलेली’ होती. आज म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठासारख्या संस्थांत नव्या प्राध्यापकाच्या जोडीदाराला काम शोधून द्यायला मदत करणारी स्वतंत्र कचेरी आहे. नोकरीचा करार सहीला येतो तेव्हा अशी काही सोय आहे का, हे विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही. घरभाडं आणि सामानाच्या कंटेनरबद्दल माणसं विचारतातच की.

बिनपगारी कामाचा मोह मात्र आजही आहे. गणपतीचा कार्यक्रम, रविवारची मराठी शाळा, दिवाळी अंक : मंडळांना हात हवे असतात आणि दिवसभर घरात एकटं असलेल्या माणसाला माणसं हवी असतात. दोघांचं छान जमतं. चार वर्षांनी लक्षात येतं की ओळखी सगळ्या मराठीतच झाल्या आणि जर्मन बी-१ वर थबकलं. मंडळाला नावं ठेवण्याचा हेतू नाही. पण तोच वेळ आठवड्यातून एकदा गावच्या वाचनालयात किंवा मुलांच्या फुटबॉल क्लबात दिला, तर नोकरीच्या बातम्या कानावर येतात त्या तिथेच.

लहान मूल असेल तर सगळं गणित पाळणाघराशी येऊन अडतं. १ ऑगस्ट २०१३ पासून एक वर्षावरच्या प्रत्येक मुलाला ‘किता’त जागा मिळणं हा कायदेशीर हक्क आहे. हक्क आहे, जागा नाही. मोठ्या शहरांत प्रतीक्षायाद्या लांबलचक. जर्मनीत पत्ता मिळाल्याबरोबर नाव नोंदवायचं असतं, आई-बाबांपैकी कोणाला नोकरी लागल्यावर नव्हे. नोकरी नाही म्हणून जागा नाही आणि जागा नाही म्हणून नोकरी नाही, या फेऱ्यात बरीच घरं फिरत राहतात. पहिलीतल्या मुलांना दिवसभराच्या शाळेचा हक्क मिळणार आहे तोही ऑगस्ट २०२६ पासून.

आता पैशांकडे वळू, कारण मराठी लेखात हा भाग नेहमी आवरता घेतला जातो. जर्मनीत पगारातून कर कापताना विवाहितांसाठी वर्ग असतात. एकटा नवरा कमावत असेल तर तो तिसऱ्या वर्गात आणि बायको पाचव्यात, ही जोडी फायद्याची. सहकारीही तेच सुचवतात. दोघांच्याही करमाफीचा मोठा हिस्सा त्याच्या पगाराला लागतो, त्यामुळे त्याच्या हातात जास्त पडतं. मग बायकोला नोकरी लागते, वर्ग बदलायचे राहून जातात आणि तिच्या पहिल्या पगारातून एवढी कपात होते की घरातला कोणीतरी म्हणतोच, ‘एवढ्यासाठी कशाला धावपळ?’ वर्षअखेरीस दोघांचं विवरणपत्र एकत्र भरलं की कर सारखाच होतो. कमी दिसलेला पगार हा फक्त कापण्याच्या पद्धतीचा खेळ. पण सगळंच भरून येत नाही. बाळंतपणानंतर मिळणारा पालकभत्ता आणि बेकारभत्ता हे हातात पडणाऱ्या पगारावरून ठरतात, म्हणजे पाचव्या वर्गात राहिलेल्या बाईचे भत्तेही आखूड. दोघांनी चौथ्या वर्गात जाण्यासाठी अर्ज करायचा असतो. तो ऑनलाइन होतो.

मिनीजॉब हा दुसरा चकवा. महिन्याला ठरावीक रकमेपर्यंत (२०२६ मध्ये ६०३ युरो) कमावलं तर आपल्याला कर बहुधा भरावा लागत नाही आणि सरकारी आरोग्यविम्यात जोडीदाराच्या नावावर फुकट राहता येतं. बेकरीच्या काउंटरवर, शाळेच्या उपाहारगृहात अशी कामं मिळतात, कानावर बोली पडते, पहिल्या वर्षासाठी उत्तमच. पाचव्या वर्षीही तेच चालू असेल तर विचार करावा. निवृत्तिवेतनाच्या खात्यात यातून फारसं काही साठत नाही. घरून पुरणपोळ्या आणि डबे विकणाऱ्यांची गोष्ट आणखी वेगळी. धंद्याची नोंदणी काही युरोंत होते, पण अन्न हाताळायचं तर आरोग्य खात्याचं स्वच्छतेचं प्रशिक्षण घ्यावं लागतं आणि स्वयंपाकघराचे नियम स्थानिक अन्न-तपासनिसाला विचारावे लागतात. व्हॉट्सॲप ग्रुपवर ऑर्डरी घेतल्या म्हणून तो घरगुती मामला राहत नाही.

पुण्याची नोकरी न सोडता तिकडून लॅपटॉपवर काम करणं सोपं वाटतं. तिथेही कर आणि सामाजिक विमा साधारणपणे माणूस जिथे बसून काम करतो तिथला लागतो. भारत आणि जर्मनी यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार १ मे २०१७ पासून लागू आहे, पण तो प्रामुख्यानं कंपनीनं पाठवलेल्या कर्मचाऱ्यांच्या कामाचा. कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला न सांगता हे करणं जोखमीचं.

मागून जाणारे नवरेही आता वाढताहेत. त्यांची अडचण कागदावर तीच, पण घरच्या फोनवर वेगळी. बायकोला ‘जमलं का?’ विचारतात, नवऱ्याला विचारायचंच टाळतात, आणि ते टाळणं जास्त बोचतं.

निघण्यापूर्वी सूटकेसमध्ये काय असावं हे मात्र दोघांनाही सारखंच. पदवीची आणि सर्व सत्रांची गुणपत्रकं, विषयवार अभ्यासक्रम आणि तासिका दाखवणारा विद्यापीठाचा दाखला, बी.एड. किंवा इंटर्नशिपचे प्रमाणपत्र. मान्यता देणारी कचेरी नेमके हेच तास मोजते, आणि स्टुटगार्टला बसून विद्यापीठाच्या खिडकीवरून ते मिळवायचं म्हणजे कोणा मेव्हण्याला चार खेपा घालाव्या लागतात. अनुभवपत्राचंही तसंच. आपल्याकडे ते दोन ओळींचं असतं : अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत कामावर होत्या, वर्तणूक चांगली. जर्मन नोकरदाराला पानभर हवं असतं. कोणती कामं केली, किती माणसं हाताखाली होती, काम कसं केलं. जुन्या साहेबांकडून तसं लिहून घ्यायचं ते निरोपसमारंभाच्या आधी. नंतर साहेबही बदलतात.

(पुढील भागात : आखाती देश)