प्रशालेचे बोधचिन्ह : आकृती आणि उत्तरदायित्व

विद्यापीठातील परस्परसंबद्ध विभाग एकत्र आणून त्यांची प्रशाला बनविण्याची पद्धती महाराष्ट्रात आता रूढ झाली आहे. १९९० साली स्थापन झालेल्या जळगावच्या विद्यापीठात अशा घटकास 'प्रशाळा' म्हणतात. १९९४ साली स्थापन झालेल्या नांदेडच्या विद्यापीठात 'संकुल' हा शब्द आहे. नवी प्रशाला निघाली की तिच्यासाठी नवे बोधचिन्हही योजावे लागते. ग्रंथ, दीप, कमळ आणि उगवता सूर्य यांची कशीबशी सांगड घातली की ते कार्य उरकले, असा समज पुष्कळदा दिसतो. हा समज कितपत ग्राह्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

बोधचिन्ह हा मुळात अलंकार नव्हे. ती मुद्रा होय. मुद्रेचे कार्य शोभा आणणे हे नसून साक्ष देणे हे आहे. जिच्याखाली काही लिहिलेले नाही, ती मुद्रा कसलीच साक्ष देत नाही. या विधानाचा पुरावा आपल्याच परिसरात आहे.

भिवंडी तालुक्यातील भादाणे येथील ताम्रपट शिलाहार राजा अपराजित याने शके ९१९ मध्ये, म्हणजे इ. स. ९९७ मध्ये दिला. 'लवणतट', म्हणजे आजचे लोनाड, येथील लोणादित्य या देवाच्या पूजेप्रीत्यर्थ भादाणे हे गाव त्याने अर्पण केले. उत्तर कोकणच्या शिलाहारांचे लांछन गरुड. 'सुवर्णगरुडध्वज' हे त्यांचे बिरुद. हा वंश आपली उत्पत्ती जीमूतवाहनापासून सांगत असे. एका नागाचा प्राण वाचविण्यासाठी वध्यशिलेवर बसून जीमूतवाहनाने स्वतःचा देह गरुडापुढे केला, अशी कथा आहे. तेव्हा या वंशाच्या संदर्भात गरुड हे केवळ पराक्रमाचे द्योतक उरत नाही. पूर्वजाच्या आत्मदानाचे स्मरणही त्यात येते. पाहणाऱ्यास केवळ पक्षी दिसतो. त्याचा अर्थ ज्याला कुलकथा ठाऊक असेल त्यालाच कळतो.

या ताम्रपटाची दुसरी विशेषता अधिक उद्बोधक आहे. शिलाहार हे राष्ट्रकूटांचे मांडलिक. चालुक्य तैलपाने इ. स. ९७३ मध्ये राष्ट्रकूटांची सत्ता उलथविली. तरीही पाव शतकाच्या सुमारास कोरलेल्या या पटात अपराजिताने राष्ट्रकूटांची वंशावळ नोंदविली आणि त्यांच्या नाशाचाही उल्लेख केला. ज्यांच्यापासून लाभाची आशा उरली नव्हती त्यांचे ऋण मान्य करणारा हा लेख आहे. मुद्रेला वजन येते ते अशा मजकुरामुळे.

त्याच काळातील कोकणच्या दानशिळा हेच तत्त्व निरक्षरांसाठी सांगतात. वरच्या बाजूस चंद्र व सूर्य, मध्ये लेख आणि खाली 'गद्धेगाळ', असा त्यांचा सामान्य क्रम असतो. दान आचंद्रार्क टिकावे आणि ते मोडणाऱ्याची विटंबना व्हावी, हा त्याचा आशय. येथे चिन्हात आश्वासन आहे आणि आश्वासनभंगाची शिक्षाही आहे. आधुनिक बोधचिन्हात शाप कोरण्याची आवश्यकता नाही. परंतु त्याच्या आधारे संस्थेस जाब विचारता आला पाहिजे, एवढा बोध घ्यावयास हरकत नाही.

उदाहरणादाखल, किनारपट्टीच्या अभ्यासासाठी एखादी प्रशाला स्थापन होत आहे असे समजू. वसई–दिवा लोहमार्गावरील खारबावच्या नावात 'खार' आणि 'बाव' हे दोन शब्द आहेत. कोकणच्या बोलीत पहिल्याचा अर्थ खारी जमीन, दुसऱ्याचा विहीर. लवणतटाच्या नावातही तेच मीठ आहे. खाडीकाठच्या शेतकऱ्याने बांध घालून ही जमीन लागवडीस आणली आणि बांधात 'उघाडी' बसविली. भरतीच्या वेळी उघाडीची झडप बाहेरच्या पाण्याच्या दाबाने मिटते व खारे पाणी अडते. ओहोटीस ती उघडून शेतातील साचलेले पाणी बाहेर जाते. हा बांध फुटला तर भातशेती नासते, म्हणूनच मुंबई राज्यात १९४८ साली आणि महाराष्ट्रात १९७९ साली खारजमिनींसाठी स्वतंत्र कायदे करावे लागले. अशा प्रशालेने उघाडी हे चिन्ह घेतले तर ते सार्थ ठरेल. काय आत घ्यावे, काय बाहेर सोडावे आणि केव्हा, हा विवेक संशोधनासही हवाच. मात्र त्या प्रशालेने खारबांधांचा अभ्यास केला नाही, तर तेच चिन्ह तिचा उपहास करील.

काही व्यावहारिक पथ्येही आहेत. प्रशालेचे चिन्ह मातृविद्यापीठाच्या चिन्हाशी स्पर्धा करणारे नसावे. ते एका रंगात आणि अंगठ्याच्या नखाएवढ्या आकारातही ओळखता आले पाहिजे. सारनाथचा सिंहशीर्ष १९५० पासून राष्ट्राची मुद्रा आहे. २००५ च्या कायद्याने तिच्या अनधिकृत वापरास बंदी आहे, म्हणून तिचे अनुकरण वर्ज्य होय. आणि चिन्हासोबत त्याचे अर्थविवरण एका पृष्ठात लिहून कार्यालयात जतन करावे.

हे शेवटचे पथ्य सर्वांत महत्त्वाचे. निवड करणारी माणसे निवृत्त होतात, आकृती मात्र पत्रशीर्षावर राहते. पुढील पिढीच्या विद्यार्थ्यास ते पृष्ठ वाचून आपल्या प्रशालेचे काम पडताळून पाहता आले, तर ते बोधचिन्ह या नावास पात्र झाले असे समजावे.