राबणाऱ्या हातांचा सातबारा

आमच्या अलोरे परिसरात भातशेतीची कामे पूर्वी वाटलेली असत. औत आणि चिखलणी पुरुषांची, तरवा काढणे आणि लावणी बायकांची. कर्ते पुरुष मुंबईला, पुढे आखातात गेले आणि ही वाटणी मोडली. किनाऱ्यावरच्या गावांत मासळी विकून पैसा हाती धरणारी बाई नवी नाही. इथे मात्र पॉवर टिलरवाल्याशी दर ठरवणारी, गडी लावणारी, खत आणणारी बाई आता दिसू लागली आहे.

शाळेत आम्ही फॉर्म भरून घेतो, तेव्हा मुले वडिलांपुढे 'नोकरी, दुबई' लिहितात आणि आईपुढे 'घरकाम'. ती आई मात्र पहाटेपासून शेतात असते.

सातबाऱ्यावर तिचे नाव नसते. म्हणून तिला पीककर्ज मिळत नाही आणि प्रधानमंत्री किसानचे वर्षाचे 6000 रुपयेही तिच्या खात्यात येत नाहीत. 2015-16च्या कृषी गणनेत देशातल्या दर 100 वहिवाटदारांत स्त्रिया जेमतेम 14 होत्या.

सूरह निसाने आई, पत्नी, मुलगी यांचे वाटे ठरवून दिले आहेत. मुले असतील तर विधवेचा आठवा हिस्सा आहे. तरीही आपण बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतो आणि त्याला माया म्हणतो. पतीच्या हयातीतच पत्नीचे नाव लावण्यासाठी राज्याची लक्ष्मीमुक्ती योजना 1992 पासून आहे.

सुट्टीवर येणाऱ्या भावांनो, या खेपेस सोन्याआधी तलाठी कार्यालयाची वाट धरा.