गव्हाविना भाकर, गव्हाविना सण

कामगार चळवळीत आयुष्य घालवलेल्या माणसाने परात, पीठ आणि भट्टी ह्या विषयावर बोलावे, ह्याचे काही मंडळींना नवल वाटेल. आम्ही वैद्य नाही आणि बल्लवाचार्यही नाही. शाळा लवकर सुटली. पुढे जे शिकलो ते वाचनालयात आणि माणसांत शिकलो. परंतु भाकरीचा प्रश्न हा आमच्या चळवळीचा पहिला प्रश्न आहे, आणि ज्या घरात एका माणसाला गव्हाची पोळी विषासारखी बाधते त्या घरात तो अक्षरशः भाकरीचा प्रश्न होऊन बसतो. अशी घरे आम्हाला कामगार वस्तीत भेटली आहेत. रोजचे जेवण आणि सणावारचा गोडधोड गव्हावाचून घरी कसे भाजावे, आणि त्यासाठी शेजाऱ्यापाजाऱ्यांनी काय करावे, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

आजाराचे स्वरूप

गव्हाच्या पिठात पाणी पडले आणि ते मळले की त्यातील ग्लायडिन व ग्लुटेनिन ही दोन प्रथिने एकमेकांत गुंततात व त्यांची चिवट जाळी तयार होते. ह्या जाळीलाच ग्लुटेन म्हणतात. कणीक ताणली तर ताणते, पोळी लाटली तर पसरते, पाव फुगतो, हा सारा प्रताप तिचा. बहुसंख्य माणसांना तिचा काहीच उपद्रव नाही. पण जगात साधारण शंभरात एकाला सिलिॲक नावाचा आजार असतो. त्याच्या शरीराची संरक्षणव्यवस्था ग्लुटेन पोटात जाताच खवळते आणि आपल्याच लहान आतड्यावर हल्ला चढवते. आतड्याच्या अस्तरावर मखमलीसारखी जी लव असते, जिच्यातून अन्नरस अंगी लागतो, ती झडून सपाट होते. मग मूल खाते पण वाढत नाही. पोट फुगते, जुलाब होतात. मोठ्या माणसाला थकवा येतो, लोहाच्या गोळ्या घेऊनही रक्त वाढत नाही. हा आजार संसर्गाचा नव्हे, आणि तो आयुष्यभर सोबत राहतो.

त्याचे कारण सापडले ते युद्धातल्या उपासमारीमुळे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये भीषण अन्नटंचाई पडली, पाव मिळेनासा झाला. विलेम डिके ह्या बालरोगतज्ज्ञाचा गव्हावर संशय आधीपासूनच होता. त्या काळात ही आजारी मुले सुधारली आणि पाव परत मिळू लागताच पुन्हा खंगली, असे त्याला दिसले. १९५० साली त्याने आपला प्रबंध सादर केला. तेव्हापासून आजतागायत ह्या आजारावर खात्रीचा उपाय एकच आहे: गहू, जव आणि राय ही तीन धान्ये कायमची वर्ज्य.

दोन गोष्टी येथेच सांगून टाकतो. पहिली, संशय आला म्हणून आपल्याच मनाने गहू सोडू नये. रक्ताची तपासणी आणि लागल्यास दुर्बिणीने आतड्याचा तुकडा काढून केलेली तपासणी, ही गहू खाण्यात चालू असतानाच बरोबर उत्तर देते. दुसरी, ज्याला हा आजार किंवा गव्हाचा अन्य त्रास नाही, त्याने फॅशन म्हणून महागडी खोकी विकत घेण्याचे काही कारण नाही.

वर्ज्य काय, ह्याबद्दलही गैरसमज फार. रवा, मैदा, दलिया, शेवया ही सारी गव्हाचीच लेकरे. खपली गहू जुना आणि पचायला हलका असे म्हणतात, पण तोही गहूच. सिलिॲकच्या रुग्णाला तो चालत नाही. बाजारातल्या नाचणीच्या बिस्किटात पुष्कळदा निम्म्याहून अधिक मैदा असतो. आणि गृहिणींनी विशेष लक्षात ठेवावे असा पदार्थ म्हणजे हिंग: डबीतल्या बांधणीच्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो.

ह्याच मातीतले उत्तर

आता चालते काय ते पाहा. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, वरी, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा आणि झाडून सगळ्या डाळी. ही यादी वाचून आमच्या नवी मुंबईतल्या जुन्या माणसाला हसू येईल. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल व उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनींवर हे शहर उभे राहिले. त्याआधी येथे खाडीकाठी भाताची शेते होती, मिठागरे होती. येथल्या आगरी-कोळी घरात तांदळाची भाकरी हेच मुख्य अन्न होते, आणि आजही पुष्कळ घरांत आहे. घाटावरून आलेल्या माथाडी कामगाराची भाकरी ज्वारी-बाजरीची. ज्या अन्नाला आज दुकानदार 'ग्लुटेनमुक्त' अशी चिठ्ठी लावून चौपट दराने विकतो, ते आपल्या आजीच्या तव्यावर बिनचिठ्ठीचे भाजले जात होते.

मग पोळी घरोघर कशी शिरली? १९४३ साली मुंबईत धान्याचे रेशनिंग सुरू झाले. १९५६ नंतर अमेरिकेच्या गव्हाची जहाजे येऊ लागली. पुढे हरितक्रांतीने देशी गहू वाढला. पोटाला अन्न मिळाले, त्याचे ऋण आम्ही नाकारीत नाही. पण भाकरी थापण्याचा हात मात्र पुढच्या पिढीत अनेक घरांनी गमावला. गहू सोडावा लागलेल्या रुग्णाची आई बावरते ती ह्यामुळे.

ग्लुटेनच्या जागी बदली

गिरणीत कायम कामगार हजर नसला की बदली कामगार घेत. ग्लुटेनला रजा दिली तर त्याच्या जागी बदली कोणाला घ्यावयाचे, हे कळले की अर्धी विद्या हाती आली. त्यासाठी पदार्थांचे तीन वर्ग करावेत.

पहिला वर्ग लवचीक पदार्थांचा: भाकरी, पोळी, घावन. येथे बदली आहे उकळते पाणी. पिठातले सत्त्व गरम पाण्यात फुगते आणि चिकट होते. तोच चिकटपणा पिठाला धरून ठेवतो. म्हणून तांदळाच्या भाकरीसाठी एक वाटी पाणी मीठ घालून उकळावे, त्यात एक वाटी बारीक पीठ घालून ढवळावे, झाकून दहा मिनिटे ठेवावे आणि गरम असतानाच ओल्या हाताने सपाटून मळावे. मळण्यात कुचराई केली की भाकरी कडेला चिरते. ज्वारीचे पीठ ताजे हवे. जुन्या पिठाची विरी जाते आणि भाकरी थापताना फाटते. आंबोळीत हेच काम उडदाची डाळ करते: तिच्या चिकटपणात आंबवणीची हवा अडकते, म्हणून आंबोळीला जाळी पडते.

दुसरा वर्ग खुसखुशीत पदार्थांचा: नानकटाई, खारी बिस्किटे, कडक पुऱ्या. येथे ग्लुटेन मुळात नकोच असते. जास्त मळले तर मैद्याची नानकटाईसुद्धा दगड होते. तेव्हा ज्वारीचे किंवा नाचणीचे पीठ दोन भाग, बेसन एक भाग, तूप आणि पिठीसाखर प्रत्येकी दीड भाग अशी वजने घ्यावीत. तूप-साखर हलकी होईपर्यंत फेटून त्यात पिठे मिसळावीत, गोळे अर्धा तास थंड जागी ठेवावेत आणि १६० अंशांवर २० ते २५ मिनिटे भाजावे. नवशिक्याने येथूनच सुरुवात करावी. ह्या वर्गात अपयश क्वचित येते.

तिसरा वर्ग फुगणाऱ्या पदार्थांचा: पाव आणि केक. हा कठीण. पावासाठी उत्तम बदली म्हणजे इसबगोल, जो गुजरातेत पिकतो आणि सगळ्या जगाला जातो. २० ग्रॅम इसबगोलाचा भुसा ४०० ग्रॅम कोमट पाण्यात भिजवून त्याची खळ होऊ द्यावी. तांदळाचे पीठ २०० ग्रॅम, ज्वारीचे १०० आणि साबुदाण्याचे १०० घ्यावे. त्यात ७ ग्रॅम कोरडे यीस्ट, चमचाभर साखर, चमचाभर मीठ, दोन चमचे तेल आणि ती खळ घालून कालवावे. हे मिश्रण कणकेसारखे नसून घट्ट थालीपिठाच्या पिठासारखे होते. ते पाहून घाबरू नये आणि पीठ वाढवू नये. तेल लावलेल्या डब्यात घालून पाऊण तास फुगू द्यावे, मग २०० अंशांवर ४५ ते ५० मिनिटे भाजावे. सर्वांत मोठी शिस्त ह्यापुढची: पाव पूर्ण गार झाल्याशिवाय कापू नये. गरम असताना आतले सत्त्व बसलेले नसते, सुरी लावली की गर चिकट होतो.

केकमध्ये बदली आहे अंडे. चार अंडी १२० ग्रॅम साखरेबरोबर तिप्पट फुगेतो फेटावीत, त्यात तांदळाचे अगदी बारीक पीठ ७० ग्रॅम व मक्याचे सत्त्व ३० ग्रॅम हलक्या हाताने मिसळून १८० अंशांवर अर्धा तास भाजावे. वाढदिवसाला एवढा पुरे.

सणावारी

येथेही आपला पूर्वापार साठा मोठा आहे. गणपतीचे उकडीचे मोदक, नारळी पौर्णिमेचा नारळीभात, दिवाळीचे अनारसे, बेसनाचे लाडू, तांदूळ व डाळींच्या भाजणीची चकली, गोमंतकातल्या नाताळातील दोदोल, ही सारी गव्हावाचूनच होतात. थालीपिठाच्या भाजणीत मात्र पुष्कळ घरी मूठभर गहू टाकतात. ती मूठ वगळावी. सत्यनारायणाचा शिरा तांदळाच्या रव्याचा करता येतो. होळीला तांदळाच्या उकडीत पुरण भरून केळीच्या पानावर थापले तर पोळी साधते. गंमत अशी की, उपवासाची वरी, साबुदाणा आणि राजगिरा पाहता, ह्या रुग्णाचे सर्वांत निर्धास्त दिवस म्हणजे एकादशी आणि चतुर्थी!

आणि भट्टीची विद्या आपल्याला परकी आहे असेही कोणी समजू नये. कोकणात काकडीचे धोंडस खाली निखारे आणि झाकणावर निखारे ठेवून भाजत आले आहेत. तांदळाची एक वाटी जाडसर कणी तुपावर भाजावी; दोन वाट्या किसलेली जून काकडी तिच्या पाण्यासकट, वाटीभर गूळ, अर्धी वाटी खोबरे, वेलची व चिमूटभर मीठ घालून घट्टसर शिजवावे; मग तूप लावलेल्या भांड्यात ओतून १८० अंशांवर पाऊण तास भाजावे. भट्टी नसेल तर जाड बुडाच्या पातेल्याखाली तवा ठेवून मंद आचेवर झाकून भाजावे. ज्या मुलाला शेजारच्या घरचा केक चालत नाही, त्याच्या वाढदिवसाला हे धोंडस कापले तर सगळ्यांनाच वाटून खाता येते.

पीठ शुद्ध कसे राहील

येथवर सांगितलेले सारे एका गिरणीच्या फेऱ्यात व्यर्थ जाऊ शकते. आपल्या देशाच्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे ग्लुटेनमुक्त म्हणवणाऱ्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन असता कामा नये. ज्या चक्कीवर दिवसभर गहू दळला जातो, तिच्यावर आपले तांदूळ दळले तर ही मर्यादा सहज ओलांडली जाते. पोळीचे पोळपाट-लाटणे, कणकेची परात, पुऱ्या तळलेले तेल, ह्या सर्वांतून गहू येतो. तेव्हा रुग्णाचा तवा, परात, चाळण आणि पिठाचे डबे वेगळे हवेत. धान्य निवडून, धुऊन, वाळवून घरच्या घरघंटीवर दळावे.

घरघंटी सर्वांना परवडत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु चार-पाच कुटुंबांनी वर्गणी काढून एक घेतली आणि तिच्यावर गहू कधीही दळायचा नाही असा नियम केला, तर ती परवडते. एकट्याला जे जड ते संघाला हलके, हे आम्ही तीस वर्षे सांगत आलो, ते पिठालाही लागू आहे.

तसेच रेशनचे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसाला दरमहा ५ किलो धान्याचा हक्क दिला, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत झाले. त्यातला गहू ह्या रुग्णाच्या काय कामाचा? डॉक्टरचा दाखला पाहून त्याच्या वाट्याचा गहू तांदळात किंवा ज्वारीत बदलून द्यावा, ही मागणी न्याय्य आहे आणि ती आपण सर्वांनी मिळून केली पाहिजे. कारखान्याच्या उपाहारगृहाचेही तेच. १९४८ च्या कारखाना कायद्याने उपाहारगृहाच्या कारभारात कामगारांच्या प्रतिनिधींना जागा दिली. त्या जागेवर बसून आम्ही आजवर चहाचे आणि थाळीचे दर भांडलो. रोज चार भाकऱ्या वेगळ्या तव्यावर भाजून मिळाव्यात, हा विषयही त्याच सभेत निघावयास हवा.

ह्या आजाराचे खरे दुःख भुकेचे नसून पंगतीचे आहे. लग्नात, हळदीत, पूजेत सगळे जेवतात आणि एक मुलगी डबा घेऊन कोपऱ्यात बसते, आग्रह करणारी मावशी म्हणते, "एवढ्याशा पुरीने काय होतंय?" होते, पुष्कळ होते, कणभराने आतडे पुन्हा सोलवटते. म्हणून आग्रह करू नये. त्यापेक्षा पंगतीत निदान चार पदार्थ असे करावेत की जे तिला निःशंकपणे वाढता येतील, आणि ते गव्हाच्या पदार्थांपासून लांब, स्वतंत्र भांड्यात, स्वतंत्र डावाने वाढावेत. तांदळाची भाकरी ज्या भूमीत शतकानुशतके भाजली गेली, तेथे हे करायला नवे काही शिकावे लागणार नाही. आठवावे मात्र लागेल.