सेमिनारची भीती आणि इयन होम: एका नटाच्या आयुष्यातून रिसर्चसाठी काय घेता येईल?



नेहमी आपण इथे पेपर कसा वाचायचा, सिनॉप्सिस कसा लिहायचा असं काहीतरी बघतो. आज विषय जरा वेगळा आहे. एका इंग्रज नटाबद्दल लिहिणार आहे. तुम्ही म्हणाल, नेट-सेट आणि पेटची तयारी करणाऱ्यांना नटाचं काय? थोडं थांबा, लगेच कळेल.

मागच्या वर्षी माझा प्रोग्रेस सेमिनार होता. समोर कमिटी, मागे डिपार्टमेंटमधले वीस-पंचवीस जण. सहा स्लाइड्स छान झाल्या. सातव्या स्लाइडवर माझाच ग्राफ होता, मीच तीन महिने खपून काढलेला. आणि मला एक शब्द आठवेना. एक्स अक्षावर काय आहे तेच सांगता येईना! घशाला कोरड पडली, हात थरथरायला लागला, लेझर पॉइंटरचा लाल ठिपका पडद्यावर नाचतोय आणि सगळे तो बघताहेत. कसंबसं उरकलं. त्यानंतर मी दोन वेळा काही ना काही कारण सांगून सेमिनार टाळला. पीएचडी सोडून द्यावी का, हा विचारही मनात आला. खोटं कशाला बोलू?

त्याच काळात मी एकदा सहज ‘एलियन’ बघत होते आणि त्यातल्या सायन्स ऑफिसरचं काम करणाऱ्या नटाबद्दल वाचायला घेतलं. नाव इयन होम. (इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘एल’ आहे, पण उच्चारात नाही.) वाचता वाचता कळलं की या माणसाची सातवी स्लाइड १९७६ साली आली होती, आणि ती माझ्यापेक्षा कितीतरी मोठ्या मंचावर.

आधी माणूस कोण ते बघू

इयन होम यांचा जन्म १२ सप्टेंबर १९३१ चा, इंग्लंडमधल्या एसेक्समधल्या गुडमेझ इथला. वडील मनोविकारतज्ज्ञ होते, तिथल्या मनोरुग्णालयाचे प्रमुख. आई नर्स. मुलाने मात्र लंडनच्या राडा या नाट्यशिक्षण संस्थेत प्रवेश घेतला. नंतर स्ट्रॅटफर्डला शेक्सपिअरच्या नाटकांत अगदी बारीकसारीक कामं केली. भाला धरून मागे उभं राहायचं, एखादं वाक्य बोलायचं. आपल्या भाषेत सांगायचं तर ग्लासवेअर धुण्यापासून सुरुवात.

१९६० च्या सुमारास दिग्दर्शक पीटर हॉल यांनी रॉयल शेक्सपिअर कंपनी उभी केली. होम त्यातले एक महत्त्वाचे नट झाले. तिथे त्यांनी तिसरा रिचर्ड केला, पाचवा हेन्री केला. उंचीने लहान, आवाज चढवण्यापेक्षा नेमका वापरणारा नट अशी त्यांची ओळख झाली. १९६५ मध्ये हॅरॉल्ड पिंटर यांचं ‘द होमकमिंग’ लंडनला आलं, त्यात त्यांनी लेनी ही भूमिका केली. हेच नाटक १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर गेलं आणि त्यासाठी त्यांना टोनी पुरस्कार मिळाला.

म्हणजे १९७६ येईपर्यंत हा माणूस नवशिका नव्हता. वीसेक वर्षांचा रंगमंचाचा अनुभव, हातात टोनी, मोठ्या कंपनीत नाव. हे लक्षात ठेवा, कारण पुढचा मुद्दा यावरच उभा आहे.

१९७६ मध्ये काय झालं?

युजीन ओनील यांचं ‘द आइसमन कमेथ’ नावाचं खूप लांब नाटक आहे. त्यात हिकी नावाच्या सेल्समनची भूमिका होम करत होते. या भूमिकेत शेवटाकडे एक प्रचंड मोठं स्वगतासारखं भाषण आहे. सुरुवातीच्या प्रयोगांच्या वेळीच त्यांना भीतीने असं गाठलं की काम पुढे चालू ठेवणं अशक्य झालं. त्यांनी ती भूमिका सोडली. त्यानंतर कितीतरी वर्षं ते रंगमंचापासून जवळजवळ लांबच राहिले.

हे फक्त त्यांच्याच बाबतीत घडलं असंही नाही. लॉरेन्स ऑलिव्हिए हे विसाव्या शतकातलं इंग्रजी रंगभूमीवरचं केवढं मोठं नाव. ते स्वतः नॅशनल थिएटरचे संचालक होते, त्याच काळात त्यांना अशा भीतीने काही वर्षं छळलं. तेव्हा ‘मला अजून अनुभव नाही म्हणून भीती वाटते, अनुभव आला की जाईल’ हे आपण स्वतःला जे सांगतो ना, ते पूर्ण खरं नाही. अनुभव असलेल्या माणसालाही ती गाठू शकते.

यावर रिसर्च काय सांगतो?

इथे एक गंमत आहे, ती नीट वाचा. तुम्ही बहुतेक सगळ्यांनी तो उलट्या यू अक्षरासारखा आलेख पाहिला असेल: ताण कमी तर कामगिरी कमी, ताण मध्यम तर कामगिरी उत्तम, ताण फार तर पुन्हा घसरण. त्याखाली ‘यर्क्स-डॉडसन, १९०८’ असं लिहिलेलं असतं. बीएडच्या नोट्सपासून मोटिव्हेशनच्या व्हिडिओपर्यंत सगळीकडे.

आता मूळ प्रयोग काय होता? उंदीर. त्यांना काळ्या आणि पांढऱ्या खोक्यांतला फरक ओळखायला शिकवायचं, चुकलं की विजेचा झटका. काम सोपं होतं तेव्हा झटका जितका जोराचा तितकं शिकणं लवकर झालं. काम अवघड केलं तेव्हा मात्र मध्यम झटका सगळ्यात चांगला ठरला. म्हणजे मूळ निष्कर्षात कामाची अवघड पातळी हा मधला महत्त्वाचा घटक आहे. माणसाच्या ताणाचा तो एकच गुळगुळीत आलेख नंतरच्या लोकांनी काढला. मूळ पेपर न वाचता संदर्भ दिला की असं होतं. लिटरेचर रिव्ह्यू लिहिताना ही चूक आपण सगळेच करतो, मीही केली आहे.

पण तो अवघड कामाचा मुद्दा उपयोगाचा आहे. हिकीचं ते भाषण आठवा. किंवा माझी सातवी स्लाइड. पहिल्या सहा स्लाइड्स म्हणजे विषयाची ओळख, सोपं काम. सातवीपासून माझा स्वतःचा डेटा. बिघडलं ते तिथेच. अर्थात उंदरांवरून थेट माझ्या सेमिनारवर उडी मारणं बरोबर नाही. फक्त प्रश्न कुठे विचारायचा ते त्यातून कळतं.

दुसरा धागा मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमायस्टर यांचा. १९८४ च्या त्यांच्या पेपरमध्ये मांडणी अशी आहे: जे कौशल्य सरावाने अंगवळणी पडलेलं असतं, त्याकडे दडपणाखाली आपण मुद्दाम लक्ष द्यायला लागतो आणि मग तेच कौशल्य बिघडतं. जिना उतरताना ‘आता कुठला पाय टाकू’ असा विचार करून बघा, अडखळाल. पुढे शॅन बाइलॉक यांनी गोल्फ खेळणाऱ्यांवर प्रयोग करून हाच विचार आणखी तपासला. अनुभवी नटाला भीती का गाठते याचं एक संभाव्य उत्तर इथे मिळतं: अंगवळणी पडलेलं त्याच्याजवळच जास्त असतं.

‘संभाव्य’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. होम यांच्या मनात त्या रात्री नेमकं काय झालं, हे कुठल्याही प्रयोगातून सिद्ध होत नाही. सर्वसाधारण निष्कर्ष एका माणसाच्या आयुष्यावर चिकटवताना हात आखडता ठेवायचा.

थांबले, पण काम थांबवलं नाही

मला सगळ्यात जास्त शिकवून गेला तो यापुढचा भाग. रंगमंच सुटला तरी होम घरी बसले नाहीत. त्यांनी माध्यम बदललं.

१९७९ मध्ये ‘एलियन’ आला, त्यातला सायन्स ऑफिसर ॲश. (हा ॲश खरा कोण निघतो ते सांगत नाही, बघितला नसेल तर बघा.) १९८१ मध्ये बीबीसी रेडिओच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये त्यांनी फ्रोडोला आवाज दिला. त्याच वर्षी ‘चॅरिअट्स ऑफ फायर’मध्ये धावपटूचे प्रशिक्षक सॅम मुसाबिनी झाले. या भूमिकेसाठी बाफ्टा मिळाला, ऑस्करचं नामांकनही मिळालं. ऑस्कर मात्र त्या वर्षी दुसऱ्याच एका ज्येष्ठ इंग्रज नटाला, जॉन गिलगुड यांना गेलं.

कॅमेऱ्यासमोर काय वेगळं असतं? काम तुकड्यातुकड्यांत होतं. चुकलं तर रिटेक. तीन तास सलग, समोर माणसं, परत फिरायची सोय नाही, असं तिथे नसतं. रेडिओवर तर हातात कागदच असतो. म्हणजे कौशल्य तेच, फक्त भीती जिथून येत होती ती परिस्थिती बदलली.

आपल्याकडेही हे शक्य आहे. ओरल प्रेझेंटेशन जमत नसेल तेव्हा पोस्टर घ्या. पोस्टरसमोर एका वेळी दोघं-तिघं असतात, वाक्य चुकलं तर पुन्हा सांगता येतं. त्या काळात लिखाण पुढे न्या. एक दार बंद वाटलं म्हणून पूर्ण घर सोडायची गरज नाही.

परत येणं

१९९३ मध्ये होम रंगभूमीवर परतले. नाटक पिंटर यांचंच, ‘मूनलाइट’. थिएटर लंडनचं आल्मेडा, प्रेक्षकसंख्या जेमतेम तीनशे-सव्वातीनशेची. ओळखीचा लेखक, लहान जागा.

मग १९९७ मध्ये नॅशनल थिएटरमध्ये रिचर्ड आयर यांच्या दिग्दर्शनाखाली ‘किंग लिअर’. वय पासष्ट. लिअर ही भूमिका काय असते ते मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मागे हेच नाटक आहे, आणि गणपतराव बेलवलकर पेलताना नटाचं काय होतं ते आपण ऐकून आहोत. हा लिअर झाला तो कॉटेस्लो या नॅशनलच्या तीन थिएटरांपैकी सगळ्यात लहान थिएटरमध्ये. प्रेक्षक अगदी जवळ. त्या भूमिकेसाठी त्यांना ऑलिव्हिए पुरस्कार मिळाला. होय, त्याच ऑलिव्हिएंच्या नावाचा, ज्यांनाही या भीतीने गाठलं होतं. १९९८ मध्ये होम यांना ‘सर’ हा किताब मिळाला.

लहान जागेतून परतणं त्यांनी ठरवून केलं की तसं घडत गेलं, हे मी सांगू शकत नाही. पण भीतीवर काम करणारे मानसोपचारतज्ज्ञ असाच मार्ग सुचवतात: टाळायचं नाही, पायरी पायरीने सामोरं जायचं.

नव्या पिढीला होम आठवतात ते २००१ च्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ चित्रपटातले म्हातारे बिल्बो म्हणून. नंतर ‘हॉबिट’च्या वेळी तब्येतीमुळे त्यांना न्यूझीलंडला जाता आलं नाही, म्हणून त्यांचं चित्रण इंग्लंडमध्येच केलं गेलं. १९ जून २०२० रोजी, पार्किन्सन्सशी संबंधित आजाराने, वयाच्या ८८ व्या वर्षी ते गेले.

आयुष्य वाचताना घ्यायची काळजी

जाता जाता मेथडॉलॉजीचे तीन मुद्दे.

१. तारखा वेगळ्या ठेवा. ‘होमकमिंग’ लंडनला १९६५, ब्रॉडवेवर १९६७. रेडिओवर फ्रोडो, चित्रपटात बिल्बो. दोन नोंदी एकत्र झाल्या की चूक पुढच्या दहा जणांकडे जाते.

२. जे परत आले त्यांच्याच गोष्टी आपल्यापर्यंत पोचतात. जे नट त्या रात्रीनंतर कधीच परतले नाहीत त्यांच्यावर कोणी लेख लिहीत नाही. तेव्हा ‘होम परतले म्हणजे सगळेच परततात’ हा निष्कर्ष काढू नका. नमुना एकाच बाजूने निवडलेला आहे.

३. एका कारणावर गोष्ट बंद करू नका. भीती, लांबलचक भूमिका, थकवा, आणखी काय काय असेल.

आणि माझं काय झालं? दोन सेमिनार टाळल्यावर मी आधी लॅबमधल्या एमएस्सीच्या पाच-सहा जणांसमोर तोच डेटा मांडला. मग ग्रुप मीटिंगमध्ये. मग गेल्या महिन्यात पुन्हा कमिटीसमोर. सातव्या स्लाइडच्या आधी घसा कोरडा पडलाच. या वेळी मात्र स्लाइडवरच मोठ्या अक्षरांत एक्स अक्षाचं नाव लिहून ठेवलं होतं. मी ते सरळ वाचून दाखवलं आणि पुढे गेले. कोणाच्या लक्षातही आलं नाही. गाइडनी फक्त एवढंच विचारलं, “एरर बार्स कुठे आहेत?”

त्या मी खरंच विसरले होते. पुढच्या वेळी घालते.

तुमचाही सेमिनार जवळ आला असेल, तर आज रात्री एकाच माणसासमोर बोलून बघा. रूममेट असेल तरी चालेल.