चुकांची वही

तिसरीतल्या एका मुलाची श्रुतलेखनाची वही डोळ्यांसमोर आणा. बाईंनी सांगितलेले शब्द होते सरबत, धर्म, दिवा, कमाल. मुलाने लिहिले आहे सर्बत, धम्र, दवा, कमल. चारही शब्दांवर लाल फुल्या आणि खाली शेरा : ‘लक्ष देत नाही. घरी सराव घ्यावा.’ आई शेरा वाचते आणि रात्री प्रत्येक शब्द वीस-वीस वेळा लिहून घेते. दुसऱ्या दिवशी वर्गात पुन्हा ‘धम्र’.

त्या चार चुका जरा थांबून पाहू. ‘सरबत’ हा शब्द मोठ्याने म्हणून बघा. बोलताना ‘र’मधला ‘अ’ आपण गाळतो आणि कानावर ‘सर्बत’च पडते. मुलाने नीट ऐकले आणि जे ऐकले ते उतरवले. लिहिण्याचा संकेत तेवढा त्याला अजून ठाऊक नाही. ‘धर्म’मध्ये ‘र’चा आवाज ‘म’च्या आधी येतो, पण रफार बसतो ‘म’च्या डोक्यावर. आवाजाचा क्रम आणि खुणेची जागा यांचा मेळ त्याला घालता आलेला नाही. ‘दिवा’तली वेलांटी उच्चारात ‘द’च्या नंतर येते आणि कागदावर ‘द’च्या आधी दिसते. तिथे गोंधळून त्याने ती सोडूनच दिली. ‘कमाल’चा काना गेला, तेव्हा मात्र वेगळा प्रश्न विचारायला हवा : ‘म’ आणि ‘मा’ यांतला फरक त्याच्या कानाने पकडला होता का? चार चुकांची चार कारणे आहेत आणि प्रत्येकीवरचा उपाय वेगळा आहे. वीस वेळा लिहिल्याने त्यांतले एकही कारण दूर होत नाही.

डिस्लेक्सिया असलेल्या मुलाच्या पालकांनी आणि शिक्षकांनी सर्वांत आधी काय शिकावे, असे मला कोणी विचारले तर मी हेच सांगेन : चूक वाचायला शिका. कार्यशाळा, अभ्यासक्रम, प्रमाणपत्रे हे सारे त्यानंतर. चूक वाचता येत नसेल तर प्रशिक्षणातून आणलेली फाइल कपाटातच राहते.

डिस्लेक्सियात अडचण येते ती बोललेल्या शब्दातले सुटे आवाज ओळखून त्यांची लिपीतल्या खुणांशी चटकन जोडणी करण्यात. बुद्धी, दृष्टी, श्रवण यांत उणेपण असेलच असे नाही. एखादे असे मूल बोलण्यात, चित्रांत, यंत्रे उघडून बघण्यात वर्गातल्या इतरांच्या पुढेही असू शकते. अक्षरे उलटी दिसतात, हा समज चुकीचा आहे. ही अडचण घराण्यात चालत येऊ शकते. शाळेच्या सभेत मुलाबद्दल ऐकता ऐकता एखादे वडील एकदम गप्प होतात, कारण त्यांना आपलीच चौथी आठवत असते. शिक्षकाने त्या शांततेचा मान ठेवावा. मात्र पहिली-दुसरीत अशा चुका सगळीच मुले करतात, तेव्हा एका वहीवरून कोणी निष्कर्ष काढू नये. नीट शिकवूनही त्याच जातीच्या चुका महिनोन्‌महिने टिकल्या आणि वाचन अडखळतच राहिले, तर पुढची पायरी, म्हणजे तपासणी, गाठायची.

घरोघरी ऐकू येणारे एक वाक्य इथेच समजून घेऊ : ‘अरे, काल तर येत होतं!’ काल येत होते, हे खरेच आहे. पण सरावलेला वाचक ‘सूर्य’ हा शब्द नजरेसरशी ओळखतो, तर या मुलाला तो दर वेळी नव्याने जुळवावा लागतो. थकवा असेल, घाई असेल, किंवा बाबा शेजारी उभे असतील, तर जुळवणी मध्येच मोडते. वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. याला आळस म्हणणे हा त्या मुलावर अन्याय आहे आणि तो आपण फार सहज करतो.

आता मराठीबद्दल. डिस्लेक्सियाचे बरेचसे प्रशिक्षण साहित्य इंग्रजीतून आलेले आहे. १९३०च्या दशकात अमेरिकेत सॅम्युअल ऑर्टन आणि ॲना गिलिंगहॅम यांच्या कामातून जी पद्धत उभी राहिली, तिचे मूळ तत्त्व आजही भक्कम आहे : आवाज आणि खूण यांचे नाते स्पष्ट शब्दांत शिकवायचे, सोप्याकडून अवघडाकडे ठरलेल्या क्रमाने जायचे, आणि मागचे पक्के झाल्याशिवाय पुढचे हाती द्यायचे नाही. पण तिथली उदाहरणे बी आणि डी यांच्या गोंधळाची, किंवा लिहायचे एक नि वाचायचे दुसरे अशा इंग्रजी स्पेलिंगची असतात. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या गुरुजींना ती ऐकून आपल्या वर्गातला मुलगा ओळखता येत नाही. मराठीत गोंधळ होतो तो घ-ध, भ-म, थ-य, ड-ढ यांचा. ‘र’ चार ठिकाणी चार रूपे घेतो : प्रकाश, ट्रक, सूर्य, वारा सुटल्यावरचे ‘वाऱ्यावर’. अनुस्वाराची खूण एकच, पण ‘अंगण’, ‘संत’ आणि ‘आंबा’ म्हणताना नाकातला आवाज तीन वेगळ्या जागी तयार होतो. ‘चाक’ आणि ‘चार’ यांतला च एकसारखा लिहितात, म्हणताना मात्र तो वेगळा असतो.

शिवाय आपल्या लिपीत मुळाक्षरे संपली म्हणजे शिकणे संपत नाही. बाराखडी आणि जोडाक्षरे धरली तर ओळखायच्या आकृत्या शेकड्यांत जातात. सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांवर केलेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अक्षरांवर पकड येण्याचे काम चौथीपर्यंत चालूच असल्याचे दिसले. कन्नडची आणि आपली घडण या बाबतीत सारखीच आहे. म्हणून ‘दुसरीत गेला तरी जोडाक्षरे येत नाहीत’ एवढ्यानेच घाबरू नये आणि ‘येतील आपोआप’ म्हणून पाचवीपर्यंत थांबूही नये.

प्रत्यक्ष काम कसे चालते? एक साधी शंभर पानी वही घ्या. डाव्या पानावर मुलाने लिहिले किंवा वाचले ते जसेच्या तसे लिहायचे आणि उजव्या पानावर आपला अंदाज : काना सुटला, वेलांटीची जागा चुकली, रफार, जोडाक्षर तोडले, सारखे दिसणारे अक्षर, ऐकल्याप्रमाणे लिहिले. लाल शाई नको आणि मुलासमोर मोजणीही नको. दोन आठवड्यांत एक-दोन प्रकार ठळकपणे पुढे येतात. काम तिथूनच सुरू करायचे, बाकीच्या चुकांकडे सध्या पाहायचे नाही. हे ‘न पाहणे’ पालकांना सगळ्यांत जड जाते.

मग कानाचे काम, तेही कागदाशिवाय. यासाठी आपल्याकडे गावांच्या नावांच्या भेंड्या आहेत. सातारा, मग ‘रा’वरून राजापूर, मग ‘र’वरून रत्नागिरी. एसटीत बसून खेळता येईल असा हा खेळ शब्दाचे शेवटचे अक्षर सुटे करून ऐकायला लावतो. एकेका अक्षराला टाळी देत आपले नाव म्हणणे, बडबडगीतांतली यमके जुळवणे, हेही त्याच जातीचे. ते जमू लागले की एक पायरी खाली उतरायचे : ‘मीठ’मधला पहिला आवाज काढून ‘प’ घाल, काय झाले? पीठ. ‘मन’ला काना दे, मान. आता त्याचे मौन कर, मैना कर. अक्षराच्या आत व्यंजन आणि स्वर वेगळे असतात, हे बाराखडी पाठ म्हणणाऱ्या मुलाला कळलेले असेलच असे नाही. सुरात म्हटलेली बाराखडी बहुतेकदा नुसते गाणे असते.

त्यानंतर खुणा, एका वेळी एकच. या आठवड्यात काना म्हणजे फक्त काना, आणि मुलाला वाचायला दिलेला प्रत्येक शब्द त्याला आधी शिकवलेल्या अक्षरांचाच हवा. रफारासाठी ठोकळे चांगले. ‘ध’, ‘र’, ‘म’ असे तीन ठोकळे आवाजाच्या क्रमाने मांडायचे, ‘र’चा ठोकळा उचलून ‘म’च्या डोक्यावर ठेवायचा, आणि हाताने ठेवताना तोंडाने ‘धर्‌-म’ म्हणायचे. वाळूत किंवा रव्याच्या ताटात बोटाने अक्षर गिरवण्याची पद्धत पुष्कळांना आवडते. आनंद वाटत असेल तर जरूर करावे, पण त्याच वेळी अक्षराचा आवाज म्हटला गेला पाहिजे. खरा गुण त्या आवाजाच्या जोडणीत आहे. रोज वीस मिनिटे पुरतात. रविवारी दोन तास बसवल्याने मूल फक्त रविवारचा धसका घेते.

एवढे करू लागल्यावर शिकण्याच्या जागा शोधाव्यात, कारण आता तुमच्याकडे विचारायला प्रश्न असतात. सरकारी शाळेतल्या शिक्षकाला पहिली जागा जवळची आहे : गट साधन केंद्र. समग्र शिक्षा योजनेतले समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक तिथून शाळांना भेटी देतात. केंद्राच्या शिक्षण परिषदेत ‘माझ्या वर्गातल्या चुका’ हा अर्ध्या तासाचा विषय मांडायला कोणाची आडकाठी नसावी. एनसीईआरटीने २०२२ मध्ये ‘प्रशस्त’ नावाची पडताळणी सूची आणि तिचे ॲप आणले. तिचा पहिला भाग नेहमीच्या वर्गशिक्षकाने भरायचा असतो. त्यातून निदान होत नाही, कोणत्या मुलाकडे अधिक बारकाईने पाहायचे एवढे कळते. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये पुढे आणलेला ‘डाली’ हा संच मराठीसाठी विशेष मोलाचा आहे. हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी या चार भाषांत तो तयार केलेला असून शिक्षकांसाठीच्या चाळणीच्या सूची आणि तज्ज्ञांसाठीच्या चाचण्या असे त्याचे दोन भाग आहेत. घरी मराठी आणि शाळेत इंग्रजी अशा मुलाची तपासणी दोन्ही भाषांत झाली पाहिजे, हा आग्रह पालकांनी धरावा. केवळ इंग्रजी चाचणीवरून, जे मूल इंग्रजी नीट शिकलेलेच नाही त्याला डिस्लेक्सिया ठरवले जाण्याचा धोका असतो.

मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन १९९६ पासून काम करते आहे. पालक आणि व्यावसायिक यांनी मिळून ती उभी केली, आणि शिक्षक-पालकांचे प्रशिक्षण हा तिच्या कामाचा भाग आहे. ज्यांना पूर्णवेळ या क्षेत्रात यायचे आहे त्यांनी विशेष शिक्षणातली पदविका किंवा बी.एड. करताना तो अभ्यासक्रम भारतीय पुनर्वास परिषदेच्या मान्यतेचा आहे ना, हे पाहावे. मुलासाठी उपचारात्मक शिक्षक शोधणाऱ्या पालकांनीही परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारायला संकोचू नये.

कोणताही वर्ग निवडताना मी दोन गोष्टी पाहीन. तिथे खऱ्या मुलाची वही उघडली जाते का? आणि शिकवून झाल्यावर तुमचा स्वतःचा पाठ कोणी पाहून सुधारणा सांगते का? दिवसभराचे व्याख्यान आणि शेवटी चहा-बिस्किटे व प्रमाणपत्र, एवढ्यावर हातात काही येत नाही. रंगीत भिंगे, मेंदूचे व्यायाम, तीन महिन्यांत पूर्ण बरे करण्याची हमी असे काही दिसले तर पैसे परत खिशात ठेवावेत. डिस्लेक्सिया आयुष्यभर सोबत राहतो. वाचन मात्र पुष्कळ सुधारू शकते.

कागदपत्रांचे थोडक्यात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ने मान्य केलेल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता येते आणि डिस्लेक्सियाचा उल्लेख तिच्या व्याख्येतच आहे. १९९५च्या कायद्यात ती नव्हती. २०१८च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी प्रमाणपत्रासाठी किमान वय आठ वर्षे धरले, आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी सांगितली. तपशील बदलत असतात, म्हणून ताजा आदेश मुख्याध्यापकांकडे मागावा. परीक्षेतला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती या प्रमाणपत्रावर मिळतात. मदत सुरू करायला मात्र कोणतेही प्रमाणपत्र लागत नाही. ‘आधी आठ वर्षांचा होऊ द्या’ असे सांगून मुलाची पहिली दोन वर्षे वाया घालवणारा सल्ला मला फार त्रास देतो. वही आजच सुरू करता येते.

वर्गात शिक्षकाला लगेच करता येण्यासारखे बरेच आहे. प्रकट वाचनासाठी परिच्छेद आदल्या दिवशीच त्या मुलाला सांगून ठेवावा, फळ्यावरचे उतरवून घ्यायला लावण्याऐवजी टिपण हाती द्यावे, परिसर अभ्यासाची उत्तरे तोंडी घ्यावीत. आणि त्याला जे वाचता येत नाही ते ऐकू द्यावे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘सुगम्य पुस्तकालय’ या ऑनलाइन ग्रंथालयात छापील मजकूर वाचायला अडचण असणाऱ्यांसाठी पुस्तके आहेत. डिस्लेक्सिया असलेले वाचकही त्यात धरले जातात आणि मराठी पुस्तकेही तिथे मिळतात. रात्री आईने किंवा आजोबांनी गोष्ट वाचायची, मुलाने शेजारी बसून ओळीवर बोट फिरवायचे, जिथे जमेल तिथे आवाजात आवाज मिसळायचा, अडला की थांबून परीक्षा न घेता शब्द सांगून पुढे जायचे. वाचून झाल्यावर मूल झोपले की वही उघडायची, डाव्या पानावर आजचे दोन शब्द लिहायचे आणि मागच्या महिन्याच्या पानाशी ताडून पाहायचे : ‘धम्र’ शेवटचे कधी आले होते?